औंढ्याच्या यंत्रामागचं गणित

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

औंढा नागनाथच्या 'लायगो इंडिया' या गुरुत्वीय लहरी (अवकाशालाच ताणत-आखडत जाणारे सूक्ष्म तरंग) टिपणाऱ्या यंत्राच्या प्रकल्पावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. सुमारे २६०० कोटींचा खर्च, चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, जमीन, रस्ते, सगळं आलं आहे. मात्र 'कृष्णविवरांची टक्कर यंत्रानं ऐकली' एवढ्यावर विज्ञान उरकलं, ते खटकलं.

१४ सप्टेंबर २०१५ ला लायगोच्या अमेरिकेतल्या दोन यंत्रांत जेमतेम ०.२ सेकंदाचा संकेत आला. काहीतरी आलंय, हे ओळखायला आधी गणितानं काढून ठेवलेल्या लहरीचा साचा लागला नव्हता, हे खरं. पण सूर्याच्या ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं मिळून ६२ पटीचं एक झालं आणि तीन सूर्यांएवढं वस्तुमान गुरुत्वीय लहरींत गेलं, हे आकडे कुठून आले? आइन्स्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणं संगणकावर सोडवून मिळालेल्या लहरींशी तो संकेत ताडून पाहिल्यावर. (असा संकेत गोंगाटातून शोधण्याच्या पद्धतींवर पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेत संजीव धुरंधर यांनी नव्वदच्या दशकापासून काम केलं. लेखात त्यांचं नावही नाही.)

आइन्स्टाइनची ही समीकरणं अरेषीय आहेत. विहिरीत दोन खडे टाकले तर त्यांच्या लहरी एकमेकींतून निघून जातात. इथे लहर ज्या अवकाशातून जाते तेच वाकवते, त्यामुळे दोन उत्तरांची बेरीज करून तिसरं मिळत नाही. अवकाशावर जाळी टाकायची आणि बिंदूबिंदूनं, क्षणाक्षणानं पुढे सरकायचं. जाळी दुप्पट बारीक केली की तीन दिशांत मिळून आठपट बिंदू होतात. शिवाय कूरांट, फ्रीड्रिख्स आणि लेवी या गणितज्ञांनी १९२८ मध्ये दाखवलेल्या अटीमुळे काळाचं पाऊलही निम्मं करावं लागतं. म्हणजे काम सोळापट!

हान आणि लिंडक्विस्ट यांनी १९६४ मध्ये दोन कृष्णविवरांचं गणित संगणकावर घातलं, पण थोड्याच पावलांत अचूकता गेली. पुढची चाळीस वर्षं बहुतेकांचं असंच झालं. बारीकशी चूक शिरायची आणि दुपटी-चौपटीनं फुगत सगळं गिळून टाकायची. २००५ मध्ये फ्रान्स प्रिटोरियस यांनी समीकरणं तरंग समीकरणांच्या रूपात मांडली आणि त्यांत चूक वाढू लागताच तिला दाबणारी पदं घातली. कृष्णविवराच्या आतला भाग जाळीतून सरळ कापून टाकला, कारण तिथलं काही बाहेर येतच नाही. काही महिन्यांत आणखी दोन गटांनी वेगळ्या वाटेनं तेच साधलं.

तरी प्रश्न संपला नाही. वस्तुमानांचं गुणोत्तर आणि दोन्ही कृष्णविवरांच्या स्वतःभोवतीच्या फिरकीचे तीन-तीन घटक, अशा सात राशी. प्रत्येकीच्या दहाच किमती घेतल्या तरी एक कोटी गणितं, आणि एकेका गणिताला महासंगणकावर आठवडे लागू शकतात. म्हणून निवडक उत्तरांवरून मधली उत्तरं बांधतात. २०१९ चं असं एक प्रारूप जेमतेम दीड हजार गणितांवर उभं आहे. मला विचाराल तर सगळ्यात देखणं काम हेच.

आता घरचं. मी तीस वर्षं बीएस्सीला संख्यात्मक पद्धती शिकवल्या. रुंगे-कुट्टा या पावलापावलानं उत्तर काढण्याच्या पद्धतीची दोन पावलं कॅल्क्युलेटरवर काढायची, उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत. शंभराव्या पावलाला काय होतं, हे मुलांनी विचारलं नाही आणि मीही दाखवलं नाही. ते आता सलतं. गेल्या दिवाळीत नातीनं एका मितीतलं तरंग समीकरण साध्या लॅपटॉपवर तीसेक ओळींत सोडवलं. मग मी तिला काळाचं पाऊल मुद्दाम, वरची १९२८ ची अट मोडेल इतकं, मोठं करायला सांगितलं. पडद्यावरच्या लाटेला करवतीसारखे दाते आले नि ती ओरडली, "आबा, फुटली!"

हिंगोली, परभणी, नांदेडच्या महाविद्यालयांत हा अर्ध्या तासाचा प्रयोग व्हावा, परीक्षेत नसला तरी. वसमतच्या आसपास कुणी बोलावलं तर मी स्वखर्चानं येईन.

आपला,
एक निवृत्त गणित प्राध्यापक, वसमत (जि. हिंगोली)