जागा हप्त्यावर अडत नाही, हातातल्या रकमेवर अडते

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

‘आम्ही पोटाला चिमटा काढून जागा घेतली, हल्लीची मुले पगार हॉटेलात, महागड्या कॉफीत आणि गोव्यात उडवतात,’ असे एकाने लिहायचे आणि ‘तुम्हाला फुकटात मिळाली, आम्हाला सात जन्मांत परवडणार नाही,’ असे दुसऱ्याने उत्तर द्यायचे, हा वाद वाचकांच्या पत्रांत अधूनमधून रंगतो. त्यात आवेश भरपूर असतो, आकडे मात्र नसतात. ते मांडावेत म्हणून हे पत्र.

कांदिवली-बोरिवलीकडचा चारशे चौरस फूट कार्पेटचा वन बीएचके घेऊ. किंमत सोयीसाठी १ कोटी धरू. बहुतेक घरांत पहिला प्रश्न येतो तो ‘हप्ता किती बसेल?’ हा. खरे तर तो दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, आपल्या खिशातून आधी किती घालावे लागतील? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे गृहकर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत मिळते, ३० ते ७५ लाखांसाठी ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे या जागेसाठी ७५ लाख बँकेचे, २५ लाख आपले. हे पाहून ‘पंचवीसची सोय केली की झाले’ असे समजून लोक टोकन देऊन मोकळे होतात. पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी बँक किमतीत धरत नाही. मुंबईत मेट्रोच्या अधिभारासह ६ टक्के, म्हणजे ६ लाख मुद्रांक शुल्क. नोंदणी फी ३० हजार. दलाली एक टक्का धरली तर १ लाख. सोसायटीची हस्तांतरण फी जास्तीत जास्त २५ हजार (यापेक्षा जास्त ‘देणगी’ मागणारी कमिटी नियमाबाहेर वागते, तिच्याकडे पावती मागावी). वकील, बँकेची प्रक्रिया फी, रंग-प्लंबिंग जोडले की ३३ लाखांच्या खाली काम होत नाही. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेतली तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५ लाख. शिवाय ताबा देताना बिल्डर वर्ष-दोन वर्षांचा मेन्टेनन्स आगाऊ घेतो तो वेगळा. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेल्या जागेला जीएसटी नाही. जागा फक्त महिलेच्या नावावर घेतली तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे, इथे पूर्ण १ लाख वाचतात. नवऱ्याचे नाव जोडले की ती सवलत जाते, आणि तेवढ्यासाठी ती सोडणारी घरे कमी नाहीत!

आता त्या बदनाम कॉफीकडे येऊ. रोज तीनशेची कॉफी, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे वर्षाला ७९ हजार. ती सोडून ३३ लाख जमवायला एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि तोवर किंमत जागच्या जागी बसून राहणार नाही. तेव्हा बाहेर खाण्यावरून मुलांना धारेवर धरणे व्यर्थ आहे. पण म्हणून खर्चाचा मुद्दाच खोटा, असे तरुणांनीही समजू नये. जागेच्या आड येतो तो खर्च हप्त्यांचा. बँक सर्व चालू हप्त्यांची बेरीज करते आणि साधारणपणे ती हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यापुढे जाऊ देत नाही. ८ टक्के व्याज आणि वीस वर्षे मुदत धरली तर दर लाखाला ८३६ रुपये हप्ता बसतो. उलट बाजूने पाहिले तर मोबाइल-लॅपटॉपचे मिळून ४ हजारांचे हप्ते चालू असतील, तर गृहकर्जाची पात्रता पावणेपाच लाखांनी घटते. दहा लाखांचे गाडीचे कर्ज सात वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतले की हप्ता १६ हजारांवर जातो आणि १९ लाखांचे गृहकर्ज तिथेच खाल्ले जाते. क्रेडिट कार्डावर ‘किमान रक्कम’ भरत राहणे हे सगळ्यात वाईट; महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज, आणि एखादा हप्ता चुकला की सिबिलवर, म्हणजे बँका पाहतात त्या पतनोंदीवर, डाग. जागा घ्यायचा विचार असेल तर गाडी नंतर घ्यावी आणि छोटे हप्ते वर्षभर आधी मिटवावेत.

वडीलधाऱ्यांनाही एक विचारावेसे वाटते. कॉफीवर व्याख्यान देणारेच मुलाच्या लग्नात हॉल, केटरर, फोटो, वर ड्रोन यांवर बारा-पंधरा लाख कसे उडवतात? या रकमेत वरच्या जागेचे मुद्रांक शुल्क दोनदा भरून होते. आणि स्थळ पाहताना ‘मुलाची स्वतःची जागा आहे का?’ हा प्रश्न विचारणारेही आपणच.

जुन्या पिढीने कष्ट केले, यात वाद नाही. नव्वदच्या दशकात गृहकर्जाचे व्याज आजच्यापेक्षा कितीतरी चढे होते. लोकांनी पतपेढीचे कर्ज काढले, पीएफमधून उचल घेतली, दागिने गहाण टाकले. पण त्या कष्टांना जोडीला वाटा होत्या, हे सांगायचे राहून जाते. कन्नमवार नगर, पंत नगर, टिळक नगर, नेहरू नगर, अभ्युदय नगर या वसाहती गृहनिर्माण मंडळाच्या. चारकोप-गोराईत ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने रस्ता, पाणी, गटार करून छोटे भूखंड दिले गेले. माणसे तिथे आधी एक खोली उठवत, चार वर्षांनी वर दुसरी. सरकारी आणि निमसरकारी नोकरांच्या सहकारी संस्थांना शासकीय जमिनी मिळाल्या. ज्यांना यातले काहीच मिळाले नाही ते गिरगाव-लालबागच्या चाळीत पागडीच्या (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कायमचे भाडेकरूपण घेतलेल्या) खोलीत राहिले आणि १९४७ च्या भाडे कायद्याने त्यांचे भाडे जवळपास तिथेच थांबवले. घरभाडे नगण्य असल्यामुळे बचत होऊ शकली. आज पंचविशीतल्या मुलाला यातली कुठलीही वाट खुली नाही. उरली आहे ती म्हाडाची, म्हणजे त्याच गृहनिर्माण मंडळाची, सोडत. तिथेही गणित पाहा. अत्यल्प गटाची उत्पन्नमर्यादा वर्षाला ६ लाख. महिना ५० हजारांवर बँक २५ हजारांचा हप्ता मान्य करील, म्हणजे कर्ज ३० लाखांच्या आत. घराची किंमत त्यापुढे गेली की वरची रक्कम रोखीने आणायची. नंबर लागूनही घर परत करणारे विजेते याच ठिकाणी अडतात.

तरुणांचा आवडता युक्तिवाद असा, की जागा घेणे मूर्खपणाचे, भाड्याने राहावे आणि उरलेले पैसे एसआयपीत, म्हणजे दरमहा ठरावीक रकमेने म्युच्युअल फंडात, टाकावेत. कागदावर त्यात दम आहे. ७५ लाखांच्या कर्जाचा हप्ता ६२,७३३ रुपये. पहिल्या हप्त्यातले ५० हजार निव्वळ व्याज. पाच वर्षांत साडेसदतीस लाख भरून मुद्दल जेमतेम सव्वानऊ लाखांनी कमी होते. वीस वर्षांत कर्जाइतकेच व्याज जाते. तीच जागा भाड्याने २५ ते २८ हजारांत मिळते, कारण मुंबईत वर्षाचे भाडे किमतीच्या साधारण अडीच ते साडेतीन टक्केच असते. हप्ता अधिक मेन्टेनन्स वजा भाडे, असा महिन्याला चाळीस हजारांच्या आसपास फरक राहतो. पण हा फरक दर महिन्याच्या पाच तारखेला खरोखर बाजूला पडतो का? आमच्या मते बहुतेकांचा पडत नाही. हप्ता सक्तीने बचत करवतो, एसआयपी एका बटणाने बंद होते. तेव्हा भाड्याची बाजू घेणाऱ्याने आधी बारा महिने तो फरक वेगळ्या खात्यात टाकून पाहावा. ते जमले तर भाडे नक्कीच फायद्याचे. उलट, जागा घेणाऱ्याने वर्षाला एक जादा हप्ता मुद्दलात भरावा. कर्ज तीन वर्षे आधी फिटते, आणि बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड वैयक्तिक कर्जदाराला लागत नाही. दर वाढतो तेव्हा बँक बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांची कर्जे गुपचूप निवृत्तीच्या पलीकडे सरकली. बँकेचे पत्र आले की मुदत पाहावी आणि हप्ता वाढवून मागावा.

भाड्याच्या घराची खरी भीती पैशांची नाही, अकरा महिन्यांची आहे. मुलाची शाळा सुरू झाली की दरवर्षी टेम्पो बोलावणे परवडत नाही. पण अकरा महिन्यांचाच करार करावा असे महाराष्ट्रात कुठेही लिहिलेले नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याचा, करार कितीही काळाचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. मुद्रांक शुल्क एकूण भाडे अधिक अनामत रकमेवरचे वार्षिक १० टक्के व्याज यांच्या पाव टक्का. २८ हजार भाडे आणि दीड लाख अनामत असलेल्या तीन वर्षांच्या कराराला साधारण २,६३३ रुपये शुल्क आणि १ हजार नोंदणी फी. अकरा-अकरा महिन्यांचे करार करत दरवेळी दलालाला एक महिन्याचे भाडे देण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. वाढ किती टक्के, सोडताना सूचना किती दिवसांची, पहिले किती महिने दोघांनीही मोडायचे नाही, हे त्यातच लिहून घ्यावे. मालकही तयार होतात, कारण मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला दुप्पट रक्कम मोजावी लागते.

आता राहिला तो ३३ लाखांचा प्रश्न. पस्तिशीच्या आतल्या पगारदाराकडे एवढी रक्कम बहुधा नसते. ती असते आईवडिलांकडे, पण जागेच्या रूपात अडकलेली. म्हणून उधळपट्टीवर भांडण्यापेक्षा एका रविवारी घरातल्यांनी कागद काढून बसावे. आईवडिलांनी मुलांना दिलेल्या रकमेवर आयकर नाही. ती चेकने द्यावी आणि साध्या पत्रात ‘भेट’ की ‘उसने’ ते लिहावे. भावंडांत पुढे वाजते ते याच ठिकाणी. राहती जागा मुलाच्या किंवा मुलीच्या नावे बक्षीसपत्राने केली तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये, अधिभार वेगळे. पण हयातीत राहते छप्पर देऊन टाकू नये, असेच आम्ही सुचवू. द्यायचेच असेल तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तात स्पष्ट हवेत. अट मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरणाकडून ते रद्द करून घेता येते.

सोसायटीत नॉमिनेशन भरले म्हणजे वारसाचे काम झाले, हा तर घरोघरचा गैरसमज. नॉमिनी हा मालक नव्हे. वारस ठरेपर्यंत तो केवळ सांभाळणारा. मृत्युपत्र वेगळे करावे. त्याला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरतात, आणि ते लाभार्थी नसलेले बरे. पागडीच्या खोलीचे मात्र निराळे आहे. तिथे मालकी नसते, भाडेकरूपण असते, आणि ते आधी जाते मृत्यूच्या वेळी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे. डोंबिवली-विरारला गेलेल्या मुलांनी चाळीतल्या खोलीवर समान वाटा गृहीत धरून आपल्या जागेचे बजेट आखू नये. खोलीवरचा भाडेहक्क विकायचा ठरला तर घरमालकाचा साधारण तिसरा हिस्सा आधीच वजा करावा, आणि भाडेपावती कोणाच्या नावावर आहे ते आजच पाहून घ्यावे.

कळावे,

आपला,
गृहनिर्माण संस्थांचे हिशेब पाहणारा एक वाचक
बोरिवली (पूर्व), मुंबई