पौर्णिमेच्या भर दुपारी शिंपल्यांचं बेट : सहल कंपनीला तक्रार पत्र

कोल्हापूर
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
सहल विभाग, मुख्य कार्यालय

विषय : ‘कर्नाटक किनारा, पौर्णिमा विशेष’ सहलीतला सेंट मेरीज बेटाचा कार्यक्रम जाहिरातीप्रमाणे न झाल्याबद्दल तक्रार आणि रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीच्या वरील सहलीत मी, माझी थोरली बहीण आणि सहावीतला माझा नातू असे तिघं सहभागी झालो होतो. गोकर्ण, मुरुडेश्वर, उडुपी हे सगळं आम्ही याआधीही पाहिलेलं आहे. पुन्हा पैसे भरून निघालो ते उडुपीजवळच्या मालपे बंदरासमोरच्या सेंट मेरीज बेटासाठी. आपल्या माहितीपत्रकात त्या दिवसाचं वर्णन असं आहे : ‘शांत, निर्मनुष्य बेटावर अर्धा दिवस. शुभ्र वाळूवर अनवाणी चाला, रंगीबेरंगी शंखशिंपले वेचा, आठवण म्हणून घरी न्या. सोबत तज्ज्ञ मार्गदर्शक.’ या कार्यक्रमासाठी ‘बेट विशेष’ म्हणून माणशी १,८०० रुपये मूळ रकमेच्या वर वेगळे घेतले गेले, आणि पावतीवरही ते वेगळे दाखवले आहेत. म्हणून ही तक्रार फक्त त्या दिवसाची आहे. बाकी सहलीत बस स्वच्छ होती, जेवण चांगलं होतं, मुरुडेश्वरच्या हॉटेलात गरम पाणी वेळेवर आलं. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

रविवार, १ फेब्रुवारी, माघ पौर्णिमा. सकाळी उडुपीच्या श्रीकृष्ण मठात गेलो. पौर्णिमा आणि त्यात रविवार, त्यामुळे रांग मोठी असणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. नऊ झरोक्यांच्या खिडकीतून दर्शन झालं, समाधान वाटलं. तिथून थेट मालपे बंदर गाठायचं, असं कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं आहे. प्रत्यक्षात बस एका काजू-मसाले आणि शंखशिंपल्यांच्या वस्तू विकणाऱ्या दुकानासमोर थांबली आणि पाऊण तासाहून जास्त थांबून राहिली. हा थांबा पत्रिकेत कुठेही नाही. बंदरावर पोहोचलो तेव्हा बोटीच्या तिकिटासाठी रांग होती. आपल्या टूर मॅनेजरनं आगाऊ काहीच सोय केलेली नव्हती, आणि ‘तिकीट स्वखर्चानं’ हे तिथे उभं राहिल्यावर कळलं. बेटावर पाय ठेवला तेव्हा एक वाजून गेला होता. पावणेदोनला शिट्टी : ‘चला, जेवण थंड होतंय.’

अर्ध्या दिवसाचा पाऊण तास झाला, हा हिशोब कुणालाही कळेल. माझी खरी तक्रार तो पाऊण तास कोणता निवडलात याबद्दल आहे.

मी जीवशास्त्राची शिक्षिका होते, आणि माझं माहेर रत्नागिरीजवळचं. आमच्याकडे समुद्रावर जायचं तर आधी तिथी बघतात. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बारा वाजून थोडं वर किंवा खाली. मालपेला वेळ मुंबई-रत्नागिरीपेक्षा थोडी आधी येते, एवढाच फरक. म्हणजे माघ पौर्णिमेच्या दुपारी आपण आम्हाला भरतीचं पाणी फारसं उतरायच्या आतच, तेही उधाणाच्या दिवसांत, शिंपले वेचायला नेलं. आपल्या सहलीचं नावच ‘पौर्णिमा विशेष’ आहे. कॅलेंडर समोर ठेवूनच तारीख ठरवली असणार, तर त्याच कॅलेंडरातली तिथी समुद्रासाठीही वाचायला हवी होती.

भरतीनं काय बिघडतं ते सांगते, कारण टूर मॅनेजरना ते शेवटपर्यंत समजलं नाही. या बेटावरच्या पुळणीच्या एका पट्ट्यात नेहमीसारखी वाळू नाही, शिंपल्यांचा थर आहे, आणि बेटाची अर्धी ख्याती त्यामुळेच आहे. लाटा रोज नवे शिंपले आणतात, पण ते पडतात उतारावर, पाणी ओसरलं की उघड्या होणाऱ्या भागात. अखंड शंख, दोन्ही झडपा एकमेकींना जोडलेल्या असलेले शिंपले, कवड्या, लांब मळसूत्री शंख, सगळं तिथे मिळतं. पाणी वर चढलं की तो भाग बुडतो आणि उरते वरची अरुंद पट्टी. तिथे असतो फक्त चुरा, सकाळपासून आलेल्या माणसांच्या पायांखाली आणखी बारीक झालेला. आम्हाला तोच मिळाला.

ओहोटीला एखाद्या मुलाला अशा जागी सोडलं तर वर्गातले चार तास वाचतात. ‘तिसऱ्या’ म्हणून आपण जे शिंपले खातो त्यांच्या जातीच्या शिंपल्यावर टोकाशी एक गोल, कडा उतरती घासलेलं भोक दिसतं. ते कुणी माळ ओवायला पाडलेलं नसतं. चंद्रशंखाच्या जातीची मांसाहारी गोगलगाय आपल्या कानशीसारख्या जिभेनं आणि आम्लाच्या मदतीनं ते कोरते आणि आतला जीव खाते. भोक असलेले आणि नसलेले शिंपले वेगळे लावले की किती जणांचा शेवट असा झाला याचा अंदाज येतो. नातवानं त्यासाठी वहीत रकाने आखून आणले होते. ते कोरे आले. बहुतेक सहलींमध्ये मुलांना बघण्यासारखं काही नसतं. इथे ते होतं आणि पाण्याखाली होतं.

तीन तारखेला मी आपल्या कार्यालयात फोन केला. उत्तर मिळालं : ‘मॅडम, समुद्र काही आमच्या हातात नाही.’ समुद्र नसेल, बसची वेळ आहे. आदल्या रविवारी रथसप्तमी होती. त्याच पाऊणपटीच्या हिशोबानं भरती संध्याकाळी पाचच्या सुमारास, ओहोटी सकाळी अकराच्या आत. त्या रविवारी दुकानाचा थांबा गाळून सकाळच्या बोटीनं निघालो असतो, तर पाणी उतरलेलंच मिळालं असतं. मालपेची भरती-ओहोटी मुंबईएवढी मोठी नसते, असं उत्तर आपण देऊ शकाल, म्हणून आधीच लिहिते : फरक लहान असला तरी उतार मंद असेल, तर बऱ्याच रुंदीचा पट्टा उघडा पडतो. बंदरावरच्या कोणत्याही मासेमाराला एक फोन केला असता तरी पुरलं असतं.

‘शांत, निर्मनुष्य’ याबद्दल फार लिहीत नाही. बेटावर वस्ती नाही एवढ्यापुरतं ते खरं आहे. रविवारी दुपारी तिथे सेल्फीसाठी नंबर लावावा लागतो. पावसाळ्यात बोटी बंद असतात, म्हणजे सगळे पर्यटक उरलेल्या महिन्यांतच येणार, आणि त्यातही सुट्टीच्या दिवशी जास्त. हे बारा महिने सहली काढणाऱ्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही.

‘अनवाणी चाला’ मात्र गंभीर आहे. ज्याला आपण शुभ्र वाळू म्हणता तो कातर कडांचा शिंपल्यांचा चुरा आहे, आणि काळ्या खडकांवर कालवं चिकटलेली असतात. त्यांची धार कोकणातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. सहलीच्या ग्रुपवर सकाळी सूचना आली, ‘चपला बोटीतच ठेवा, बीचचा आनंद घ्या.’ माझी बहीण सत्तरीच्या पुढची आणि मधुमेही आहे. मी तिला चपला काढू दिल्या नाहीत, पण आमच्यातल्या दुसऱ्या एका काकूंचा तळवा चांगलाच कापला. प्रथमोपचाराची पेटी मागितली तर ती बसमध्ये. बस मालपेत, आणि मध्ये समुद्र. शेवटी एका अनोळखी कुटुंबानं पट्टी दिली.

आता तज्ज्ञ मार्गदर्शक. बेटावरचे ते उभे, बहुकोनी दगडी खांब पाहून आपले टूर मॅनेजर माइकवर म्हणाले, ‘हा आपल्या सह्याद्रीचाच बसाल्ट, तोच लाव्हा इथपर्यंत आला.’ हे चूक आहे, आणि छोटी चूक नाही. आपले अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे किंवा आमच्या पन्हाळ्याजवळच्या बांदिवड्याचे खांब दख्खनच्या बसाल्टचे आहेत, वय साधारण साडेसहा कोटी वर्षं. सेंट मेरीजचा खडक रायोलाइट प्रकारचा, सिलिका जास्त असलेला, आणि त्याहून दोनेक कोटी वर्षांनी जुना आहे. भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून तुटले त्या काळातल्या ज्वालामुखीशी त्याचं नातं जोडतात. लाव्हा थंड होताना आकसून तडकतो आणि खांब बनतात, ही क्रिया दोन्हीकडे सारखी, म्हणून दिसायला सारखे. या जागेला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे तो या खांबांमुळेच. त्यानंतर ‘वास्को द गामा भारतात पहिल्यांदा इथेच उतरला’ हेही झालं. तो मे १४९८ मध्ये कालिकतजवळ आला. या बेटावर तो येऊन गेला आणि त्यानं बेटाला मेरीचं नाव दिलं अशी आख्यायिका आहे, आणि ती सांगायला काहीच हरकत नव्हती. एखाद्या तरुण मुलाला माहिती नसणं हा त्याचा दोष नाही. त्याच्या नावापुढे ‘तज्ज्ञ’ लावून त्याचे पैसे घेणं हा आपला आहे.

वाटेतल्या त्या दुकानाकडे परत येते, कारण तिथे जे घडलं त्यानं आपण सगळे अडचणीत येऊ शकतो. बेटावर काही मिळालं नाही म्हणून मुलं हिरमुसली, तेव्हा टूर मॅनेजर म्हणाले, ‘काकू, शिंपले काय, दुकानात ढिगानं होते की!’ खरंच होते. त्यांत मधोमध कापून पॉलिश केलेला, आतले कप्पे दाखवणारा नॉटिलस होता आणि त्यावर चिठ्ठी होती, ‘सेंट मेरीजची आठवण’. नॉटिलस हा खोल समुद्रातला प्राणी आहे, तो या बेटाच्या पुळणीवर वेचायला मिळत नाही. त्याच फळीवर मोठा शिंगाळ शंखही होता. नॉटिलस, शिंगाळ शंख, राक्षसी शिंपल्याच्या काही जाती आणि खडक बांधणारी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत. त्यांची विक्री करणं किंवा विकत घेणं हा गुन्हा आहे, मग तो जीव केव्हाही मेलेला असो. आपले टूर मॅनेजर एका प्रवाशाला तो नॉटिलस ‘घ्या, दहा टक्के सूट मिळवून देतो’ म्हणत होते. मी मध्ये पडले म्हणून तो फळीवरच राहिला. उद्या एखादा प्रवासी असली वस्तू घेऊन विमानतळावर गेला तर पकडला तो जाईल, आपली कंपनी नाही.

याच ओघात एक प्रश्न, आणि त्याचं उत्तर मला लेखी हवं आहे. माहितीपत्रकात ‘आठवण म्हणून घरी न्या’ लिहिताना बेटावरून शिंपले नेण्याला परवानगी आहे का, याची विचारणा आपण कोणत्या कार्यालयात केली होती? टूर मॅनेजर म्हणाले, ‘चार नेले तर काय होतंय.’ चार नेल्यानं काय होतं ते एका माणसापुरतं ठीक आहे. आपण एका हंगामात किती बस नेता? रिकाम्या शंखांत संन्यासी खेकडे घर करतात आणि शिंपल्यांच्या चुऱ्यानंच तो किनारा बनलेला आहे. मला स्वतःला घरी काहीच न्यायचं नव्हतं. बघायचं होतं, मापायचं होतं, फोटो काढून जागच्या जागी ठेवायचं होतं. त्यासाठी लागतं ते निवांतपण आणि उतरलेलं पाणी, आणि त्याचेच १,८०० रुपये आपण घेतले होते.

माझ्या मागण्या अशा. तिघांचे मिळून ‘बेट विशेष’चे ५,४०० रुपये आणि बोटीच्या तिकिटांची रक्कम पूर्ण परत करावी. पाय कापलेल्या काकूंच्या उपचाराचा खर्च द्यावा. त्यांनी मला तसं लिहायला सांगितलं आहे, बिल त्या स्वतंत्र पाठवतील. माहितीपत्रकातून ‘अनवाणी’, ‘निर्मनुष्य’ आणि ‘घरी न्या’ हे शब्द काढावेत आणि पुढच्या तुकड्यांना बेटावर नेण्याची वेळ भरती-ओहोटी पाहून ठरवावी. दुकानाचा थांबा ठेवायचाच असेल तर तो पत्रिकेत आधी छापावा. पुढच्या सहलीत ‘सवलत कूपन’ देण्याचा प्रस्ताव फोनवर झाला होता, तो मला मान्य नाही.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावं. न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर कोल्हापूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा दाखल करता येतो, त्यामुळे आपलं कार्यालय कुठे आहे याचा प्रश्न येत नाही. एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही. मी निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे.

कळावे,
आपली,
बुकिंगवरील मुख्य प्रवासी

सोबत : पैसे भरल्याची पावती, माहितीपत्रकाचं संबंधित पान, बोटीची तिकिटं, ग्रुपवरच्या ‘चपला बोटीतच ठेवा’ या सूचनेची प्रत, दुकानातल्या नॉटिलसचा चिठ्ठीसह फोटो.

ता. क. : आपल्या संकेतस्थळावर याच बेटाची पुढची ‘पौर्णिमा विशेष’ तुकडी ३ मार्चला, होळीच्या पौर्णिमेला, दाखवली आहे आणि बेटावर पोहोचण्याची वेळ दुपारी साडेबारा आहे. जागा भरण्याआधी ती बदलता येईल.