क्रिप्टोबंदी मागणाऱ्यांनी सुवर्ण नियंत्रण आठवावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बिटकॉइनसारख्या, कोणत्याही सरकारने न काढलेल्या आणि संगणकांच्या जाळ्यावर चालणाऱ्या क्रिप्टोचलनावर सरकारने सरसकट बंदी घालावी, असे म्हणणारी पत्रे अधूनमधून वाचायला मिळतात. उलट बाजूला, या नाण्यांना सरकार हातही लावू शकत नाही, असे छातीठोकपणे सांगणारी तरुण मंडळी आहेत. मी बँकेतून निवृत्त झालो आणि सध्या ओळखीपाळखीच्या लोकांची प्राप्तिकर विवरणपत्रे भरून देतो. समोर येणारे कागद पाहता मला दोन्ही म्हणणी अर्धवट वाटतात. नाण्यापर्यंत सरकारचा हात पोचत नाही, हे खरे. पण माणसापर्यंत तो पोचतो, आणि बहुतेक वेळा ज्याच्यापर्यंत पोचायला नको त्याच्यापर्यंतच आधी पोचतो.

आपल्याकडे हे एकदा घडून गेले आहे. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, तेव्हाचे अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणले. परकीय चलन वाचावे, तस्करी थांबावी, लोकांचा सोन्याचा सोस कमी व्हावा, हा हेतू. हेतूत खोट काढण्यासारखे काही नव्हते. नियम मात्र असा की १४ कॅरेटपेक्षा शुद्ध दागिना घडवायचा नाही. १४ कॅरेट म्हणजे सोने जेमतेम ५८ टक्के, बाकी हीण. लेकीच्या लग्नात असले मंगळसूत्र कोण घेणार? माझे वडील सोनारकाम करत. गिऱ्हाईक आले की आधी दार लोटायचे आणि मग बोलायचे, असे दिवस होते, असे ते सांगत. देशभर हजारो कारागीर बेकार झाले, काहींनी जीव दिला. १४ कॅरेटची अट काही वर्षांतच मागे घ्यावी लागली. पण १९६८ च्या कायद्याने सामान्य माणसाला सोन्याची बिस्किटे आणि नाणी बाळगायला बंदी केली. सोने काही थांबले नाही. ते दुबईहून मुंबईच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर उतरत राहिले आणि तस्करांचे इमले चढत गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. अखेर १९९० मध्ये मधु दंडवते अर्थमंत्री असताना तो कायदा रद्द झाला. दंडवते राजापूरचे खासदार होते. कोकणचा किनारा त्यांना दिल्लीतल्या बाबूंनी सांगायची गरज नसावी.

सोन्यावर निदान धाड तरी घालता येत होती. बिटकॉइन कुठल्या तिजोरीत नसतो. तो कोणाचा आहे हे ठरते एका गुप्त किल्लीवर, आणि ती किल्ली बारा किंवा चोवीस शब्दांच्या रूपात कागदाच्या चिठोऱ्यावर किंवा नुसती डोक्यातही राहू शकते. जप्तीचा हुकूम निघाला, पंचनामा झाला, तरी किल्ली हाती लागत नाही तोवर जप्त झाले काय? आपल्या पुण्यातलेच उदाहरण घ्या. दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष दाखवणाऱ्या गेनबिटकॉइन प्रकरणाच्या तपासात पोलिसांनी ज्या सायबर तज्ज्ञांची मदत घेतली, त्यांनाच मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. तपासातलेच क्रिप्टो परस्पर वळवल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. पण ज्याच्या हाती किल्ली तोच मालक, ही या व्यवहाराची रीत पोलीस तपासालाही चुकवता आली नाही.

चीनसारख्या सत्तेचेही तेच झाले. एके काळी जगातले निम्म्याहून अधिक बिटकॉइन मायनिंग, म्हणजे संगणक राबवून व्यवहार नोंदवण्याचे आणि त्याबदली नवी नाणी मिळवण्याचे काम, तिथे चालत असे. २०२१ मध्ये चीनने आधी मायनिंग आणि मग सगळे व्यवहारच बेकायदा ठरवले. यंत्रे अमेरिकेत, कझाकस्तानात गेली आणि काही महिन्यांत जाळे पूर्ववत झाले. बिटकॉइनची एकूण २१ दशलक्ष नाण्यांची कमाल मर्यादा कोणत्याही देशाच्या अर्थमंत्र्याला वाढवता किंवा कमी करता आलेली नाही. गंमत म्हणजे सक्ती उलट्या दिशेनेही चालत नाही. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरने २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केले, दुकानदारांवर तो स्वीकारण्याचे बंधन घातले. लोकांनी फारसे मनावर घेतले नाही आणि नाणेनिधीच्या कर्जासाठी २०२५ मध्ये ते बंधन काढून टाकावे लागले.

पण म्हणून ‘सरकार काही करू शकत नाही’ म्हणणाऱ्यांनी हुरळून जाऊ नये. ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढले : बँकांनी क्रिप्टोच्या व्यवहारांना कोणतीही सेवा देऊ नये, असलेले संबंध तीन महिन्यांत तोडावेत. बिटकॉइनला कोणी हात लावला नाही, फक्त रुपया आत-बाहेर करण्याचे दार लावले. काही एक्स्चेंजना, म्हणजे ही नाणी विकत घेण्या-विकण्याची सोय करणाऱ्या कंपन्यांना, त्यानंतर इथला गाशा गुंडाळावा लागला. किराणा, घरभाडे, मुलांची फी रुपयातच भरायची असते, तोवर हे दार सरकारच्याच हातात आहे. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले, तेही रिझर्व्ह बँकेला अधिकारच नाही म्हणून नव्हे. अधिकार आहे, पण केलेला उपाय प्रमाणाबाहेर आहे आणि बँकांचे नेमके काय नुकसान झाले ते दाखवलेले नाही, असे न्यायालयाने म्हटले. हा फरक दोन्ही बाजूंचे लोक सोयीस्करपणे विसरतात.

त्यानंतर सरकारने जे केले, त्यावर माझा खरा आक्षेप आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पात ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ असे नाव देऊन नफ्यावर सरसकट ३० टक्के कर बसवला, लॉटरीच्या बक्षिसावर असतो तेवढाच. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस, मग नफा होवो की तोटा. किमान उत्पन्नाची करमुक्त मर्यादाही या नफ्याला लागू नाही. सर्वांत जाचक म्हणजे तोटा वजा करता येत नाही. एका नाण्यात लाखाचा नफा आणि त्याच वर्षी दुसऱ्यात दीड लाखाचा तोटा झाला, म्हणजे खिशातून पन्नास हजार गेले, तरी उपकर धरून ३१,२०० रुपये कर भरायचा. हे समजावून सांगताना समोरच्या पोराचा चेहरा पाहवत नाही.

या जाचाला कंटाळून व्यवहार परदेशी एक्स्चेंजकडे सरकले. मग डिसेंबर २०२३ मध्ये सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाने नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा काढल्या. त्यांतल्या बायनान्सने पुढे त्या विभागाकडे नोंदणी केली, १८.८२ कोटींचा दंडही झाला. तस्करी वाढवायची आणि मग तस्करांमागे धावायचे, हा सुवर्ण नियंत्रणाचाच जुना खेळ.

आणि एवढा कर घेऊन ग्राहकाला मिळते काय? १८ जुलै २०२४ ला मुंबईतल्या वझीरएक्स या एक्स्चेंजवर सायबर दरोडा पडला आणि सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली. भारतीय ग्राहकांच्या पैशांचे काय होणार, याचा निकाल सिंगापूरच्या न्यायालयात लागायची वाट पाहावी लागली, कारण मूळ कंपनी तिथली. आपल्या सहकारी बँकांची अवस्था काही फार अभिमानाची नाही. पीएमसी बँकेच्या दारातल्या रांगा कोण विसरेल? पण तिथल्या ठेवीला निदान विमा आहे, जो फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांचा झाला. एक्स्चेंजवर ठेवलेल्या नाण्यांना असला विमा नाही, आणि दाद मागायला खास असा नियामकही नाही. २०२३ पासून एक्स्चेंज मनी लाँडरिंग कायद्याखाली आले, पण त्या कायद्याला काळा पैसा शोधायचा आहे, ग्राहकाचा पांढरा पैसा सांभाळायचा नाही.

रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून किरकोळ व्यवहारांसाठी डिजिटल रुपया आणून पाहिला आहे. त्याने हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. रुपया नको म्हणून कोणी बिटकॉइन घेत नाही. भाव चढेल म्हणून घेतात.

तेव्हा बंदीची मागणी सोडावी आणि दारावरचा कायदा मागावा. ग्राहकाची नाणी एक्स्चेंजच्या स्वतःच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवणे सक्तीचे करा, त्यांचे दरवर्षी लेखापरीक्षण करा, तक्रारीसाठी एक नियामक नेमा आणि दावा भारतातल्याच न्यायालयात चालेल असे लिहून ठेवा. यासाठी कोणाच्या किल्लीचा माग काढावा लागत नाही. आणि हे सगळे होईल तेव्हा होवो, निदान एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करण्याची मुभा येत्या अर्थसंकल्पात द्यावी. शर्यतीचे घोडे पाळणाऱ्या मालकालासुद्धा त्या धंद्यातला तोटा चार वर्षे पुढे ओढता येतो.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली