तूप बंद, बिस्किटं चालू

पुणे

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबा ‘बरं बरं, जेवलीस का?’ म्हणत फोन आईकडे देतात आणि आई ‘तू मनावर घेऊ नकोस’ म्हणते. पत्र असं मधेच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आईनं पाठवलेले रिपोर्टचे फोटो बघितले. बाबांची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.३ टक्के आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २१०. घाबरून जायचं कारण नाही. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची पायरी, ६.५ पासून मधुमेह धरतात. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत हवं. डॉक्टर म्हणाले, ‘तेलकट-गोड कमी करा.’ बरोबरच म्हणाले. पण त्या एका वाक्याचं आपल्या कोल्हापूरच्या घरात काय झालं बघा. भातावरचं तूप बंद. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं दूध बंद. रविवारचा पांढरा रस्सा बंद. चहात साखरेऐवजी गूळ. आणि चारच्या चहाबरोबर ते कोंडा घातलेलं ‘पचायला हलकं’ बिस्किट, एकेकाला चार-चार, कारण पाकिटावर गव्हाची ओंबी काढलेली आहे.

बाबा, मी दिवसभर प्रयोगशाळेत काय करते असं तुम्ही पाहुण्यांसमोर नेहमी विचारता. तर ऐका. बिस्किटं कुटते. चुरा तोलून जाड कागदाच्या नळीत भरायचा आणि ती नळी काचेच्या उपकरणात सोडायची. खाली फ्लास्कमध्ये द्रावक उकळत असतो. त्याची वाफ वर जाऊन थंड होते, थेंब-थेंब चुऱ्यावर पडते आणि चरबी आपल्यात घेऊन परत खाली येते. काही तास हेच चालू. शेवटी द्रावक उडवून टाकला की फ्लास्कच्या तळाशी पिवळसर तेल उरतं. तुमच्या त्या ओंबीवाल्या जातीच्या दहा ग्रॅम चुऱ्यातून साधारण दोन ग्रॅम तेल निघतं. हातात घ्यावं तर कोरडं, कुरकुरीत, बोटाला डागसुद्धा नाही. खारीचं तर विचारूच नका, तिच्यात पाव भागाहून जास्त चरबीच असते.

आता हिशेब करू. बाबांना हिशेब आवडतो. पाकिटाच्या मागं छापलेलं असतं, १०० ग्रॅममध्ये चरबी २० ग्रॅम, साखर १७ ग्रॅमच्या आसपास. चार बिस्किटं म्हणजे जवळजवळ ५० ग्रॅम. म्हणजे १० ग्रॅम चरबी, आठ-साडेआठ ग्रॅम साखर आणि वर मैदा, मिळून २४० कॅलरी. १० ग्रॅम चरबी म्हणजे दोन छोटे चमचे तूप. भातावरचं एक चमचा तूप सोडलं आणि दुपारी चहात बुडवून दोन चमचे खाल्लं. तेही तूप नाही, पामतेल.

तो मजकूर वाचायचा कसा तेही सांगून ठेवते. शब्दकोड्यासाठी ठेवलेलं भिंग घ्या. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते, तसा नियम आहे. पहिले तीन बघितले तरी पुष्कळ कळतं. मात्र साखर एकाच नावानं येत नाही. एक साखर, मग इन्व्हर्ट सिरप, मग ग्लुकोज सिरप, अशी तुकड्या-तुकड्यांत विभागली की प्रत्येक तुकडा यादीत खाली जातो आणि पहिल्या जागी पीठ दिसतं. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या पुड्यात साखर नसेल, पण मैदा आणि तेल असतंच. ‘लो फॅट’मधली चरबी काढली की चव जाते, ती भरून काढायला बहुतेकदा साखर किंवा स्टार्च घालतात.

मग तूप वाईट की साखर? बाबांचा हा लाडका वाद. नुसतं तूप कुणी वाटीनं पीत नाही आणि नुसत्या साखरेचे बकाणेही कुणी भरत नाही. दोन्ही मैद्यात एकत्र आलं, वर चिमूटभर मीठ पडलं की हात थांबत नाही. २०१८ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना खाण्याच्या पदार्थांची चित्रं दाखवून बोली लावायला सांगितली. काही पदार्थ नुसते चरबीचे, काही नुसते पिठा-साखरेचे, काहींत दोन्ही. कॅलरी सारख्याच असूनही दोन्ही असलेल्या पदार्थांसाठी लोक जास्त पैसे मोजायला तयार झाले.

त्याहून मला पटलेला प्रयोग केव्हिन हॉल यांचा, अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संस्थेतला, २०१९ चा. वीस माणसं महिनाभर दवाखान्यातच ठेवली. दोन आठवडे कारखान्यातलं तयार अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं. दोन्ही ताटांत कॅलरी, साखर, चरबी, मीठ, चोथा सारखा मांडलेला. तयार अन्नात चोथा फारच थोडा असल्यामुळं तो सरबतात विरघळवून द्यावा लागला, म्हणजे बघा. हवं तेवढं खा, हवं तेवढं टाका, एवढीच सूट. तयार अन्नाच्या दिवसांत लोकांनी रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या, म्हणजे जवळजवळ तीन भाकऱ्या. दोन आठवड्यांत वजन सरासरी ०.९ किलो वाढलं, आणि साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. ते भराभरा खात होते हेही मोजलं गेलं. नेमकं कारण एकच नसणार. पण ज्वारीची भाकरी चावायला लागते आणि चहात बुडवलेल्या बिस्किटाला दातच लागत नाहीत, हे तर आपल्याला घरातच दिसतंय.

‘मी कुठं जाड आहे?’ हे बाबांचं पुढचं वाक्य मला इथं बसून ऐकू येतंय. हातपाय काटकुळे, वजन चौसष्ट, सगळं मान्य. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली लंडनच्या एका सहकारी डॉक्टरांबरोबर ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा लेख छापला, सोबत दोघांचा फोटो. उंचीच्या मानानं दोघांचं वजन सारखंच, बीएमआय २२.३. अंगातली चरबी मोजली तर त्या इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्याकडची माणसं वरून सडसडीत आणि आतून चरबी साठवणारी, ती प्रामुख्यानं पोटात. म्हणून वजनकाट्यावर समाधान मानू नका. आईच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप काढा आणि श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा. लेंग्याच्या नाडीपाशी नव्हे, तिथं पोट चुकवता येतं. आपल्याकडं पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही हद्द धरतात. आईनंही मोजायचंय, नुसती टेप धरून उभं राहायचं नाही.

आता गुळाचं. कोल्हापूरच्या माणसाला गुळाविरुद्ध सांगायचं म्हणजे धाडसच, त्यात आजोबांची हयात मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यात गेलेली. २०१४ ला आपल्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बाबांनी गल्लीभर सांगितलं होतं. मानांकन चवीला आहे बाबा, स्वादुपिंड ते बघत नाही. गूळ म्हणजे आटवलेला उसाचा रस, त्यात बहुतेक सुक्रोजच. चार ग्रॅम साखरेत १६ कॅलरी, चार ग्रॅम गुळात १५. लोह थोडंफार असतं, पण ते पुरेसं मिळेल एवढा गूळ खाल्ला तर साखरेचं काय होईल? चार वेळा चहा, दरवेळी दोन चमचे, म्हणजे ३० ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटना वरून मिळवलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते, आणि ५ टक्क्यांच्या, म्हणजे साधारण २५ ग्रॅमच्या आत राहिली तर आणखी बरं. गूळ, मध, काकवी, सगळं त्यातच मोजायचं. तुमचा नुसता चहाच ती रेघ ओलांडतो. दोन कप करा आणि त्यातही एकच चमचा.

तुपाची एवढी धास्ती बसली तिच्यामागंही एक गोष्ट आहे. १९६७ मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांचा एक आढावा अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. हृदयविकाराचा दोष त्यात चरबीवर टाकला होता आणि साखरेला सोयीस्कर बाजूला ठेवलं होतं. साखर उद्योगाच्या संस्थेनं त्यासाठी साडेसहा हजार डॉलर मोजले होते. त्याचे कागद २०१६ मध्ये उजेडात आले. म्हणून तूप अमृत ठरतं असं नाही. एका ग्रॅमला ९ कॅलरी तुपातही आहेतच, आणि रस्सा आहे म्हणून वाटीमागून वाटी ओरपायचा नाही. आजोबा लिटरभर दूध पचवायचे, पण ते तालमीत जोर-बैठका काढून. आपली बैठक टीव्हीसमोरची. भातावर एक चमचा तूप आणि रविवारी एक वाटी पांढरा रस्सा एवढ्याला माझी हरकत नाही. डॉक्टरांकडं जाल तेव्हा त्यांनाही विचारा, आणि गोळ्यांमध्ये मनानं काही बदल करू नका.

आई, हे तुझ्यासाठी. बिस्किटांचा डबा घरात का शिरला ते मला ठाऊक आहे. मी आणि दादा बाहेर पडलो आणि ‘दोघांसाठी काय पातेलं चढवायचं’ सुरू झालं. खालची दाढ काढल्यापासून भाकरी चावत नाही, संध्याकाळी गुडघे बोलतात. उभं राहून करण्यापेक्षा पुडा फोडणं सोपं. यात तुझं काहीच चुकत नाही. पण दात न लागणारं खाणं आपल्याकडं काय कमी आहे? ताकातल्या कण्या, नाचणीची आंबील, मऊ उप्पीट, मुगाचं घावन. एकदा केलेल्या कण्या दोन वेळा होतात. चारच्या चहाला मीठ घालून उकडलेले शेंगदाणे, मूठभरच, किंवा बाबांना फुटाणे, त्यांचे दात अजून शाबूत आहेत. आणि बाबा, शेंगा तुम्ही कुकरला लावायच्या. शिट्ट्या मोजायला शिक्षण लागत नाही. बाहेर मिसळ खाल्लीत तर खुशाल खा, मटकी जास्त मागा, फरसाण कमी आणि ब्रेड एकच.

आणि ती डब्यातली पावडर, ‘ज्येष्ठांसाठी ताकद’ वाली. मागची यादी वाचा. माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पूड, आणि साखर वरच्या ओळीत आहे की नाही? असली पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या नावाखाली दाखवू नका असं केंद्र सरकारनं २०२४ च्या एप्रिलमध्ये ऑनलाइन दुकानांना कळवलं होतं, कारण कायद्यात तसा प्रकारच नाही. त्यापेक्षा कट्ट्यावरचं दूध सुरू करा, एक कप, साय काढून, साखर न घालता.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. त्याच्या आत तपासलं तर नीट फरक कळत नाही, तेव्हा उगीच दर आठवड्याला लॅबमध्ये पैसे घालवू नका. टेपचा आकडा मात्र दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मला कळवा, दोघांचा.

दिवाळीला येतेय. दरवेळेसारखा श्रूजबेरी बिस्किटांचा डबा आणणार नाही, बाबांनी आधीच तोंड पाडू नये. आई, चकलीची भाजणी दळून ठेव, तळायला मी आहे, आणि किती तळायच्या तेही मीच ठरवणार.

तुमची,
मनू

ता. क. – हे पत्र दादाला दाखवू नका. ती पावडर त्यानंच बेंगळुरूहून ऑनलाइन मागवून दिलीय, आणि त्याच्याशी मी वेगळं भांडणार आहे.