‘धोकादायक पोर्ट’चा तक्ता छापताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत ‘हे पोर्ट उघडे दिसले तर सावधान’ या मथळ्याखाली एक तक्ता छापून आला. डावीकडे पोर्टचा, म्हणजे नेटवर्कवरून संगणकातल्या एखाद्या प्रोग्रॅमपर्यंत पोचायच्या दाराचा, क्रमांक आणि उजवीकडे व्हायरसचे नाव. मी बरीच वर्षे नेटवर्कच्या देखभालीचे काम करतो, त्यामुळे त्यातली बहुतेक नावे माझ्या परिचयाची आहेत आणि ती खोटी नाहीत. तरीही हा तक्ता वाचून एकाची झोप उडाली आणि दुसरा निर्धास्त झाला, दोघेही विनाकारण. दोन्ही प्रकार एकाच आठवड्यात माझ्यासमोर घडले, म्हणून लिहितो आहे.

ओळखीच्या एक ताई घरून हिशेबाचे काम करतात. तक्ता वाचून त्यांनी आपल्या मॅकवर कोणते पोर्ट चालू आहेत ते पाहिले, तर ५००० वर काहीतरी ‘लिसन’ करत, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडणीची वाट बघत, होते. तक्त्यात ५०००च्या समोर एका जुन्या ट्रोजनचे, म्हणजे भल्या प्रोग्रॅमच्या वेशात शिरणाऱ्या घातक प्रोग्रॅमचे, नाव. त्यात स्क्रीनवर प्रोग्रॅमचे नावही अर्धवट आणि विचित्र दिसत होते, ‘कंट्रोलसे’. रात्री अकराला त्यांचा फोन आला, “दादा, सगळं फॉरमॅट मारू का?” मी म्हटले, थांबा, त्याच ओळीतला प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रॅमचा क्रमांक) वाचा आणि ती फाइल कुठल्या फोल्डरमधून चालते ते बघू. निघाले काय, तर मॅकचेच कंट्रोल सेंटर! त्यांनी पोर्ट पाहायला वापरलेल्या कमांडच्या यादीत नावाची पहिली नऊच अक्षरे दिसतात, म्हणून ते तुटके नाव. २०२१ साली आलेल्या माँटेरे आवृत्तीपासून मॅकमधला एअरप्ले रिसीव्हर (फोनवरचे चित्र-गाणे मॅकवर घेणारी सोय) ५००० आणि ७००० हे पोर्ट वापरतो. सेटिंगमध्ये जाऊन तो बंद केला आणि ५००० यादीतून गेला. एवढ्यासाठी त्या वर्षभराचा हिशेब पुसायला निघाल्या होत्या.

पोर्टचा आकडा म्हणजे काय, हे तक्त्याच्या वर चार ओळींत सांगितले असते तर हे टळले असते. टीसीपी आणि यूडीपी या नेटवर्कवरून माहिती पाठवायच्या दोन पद्धती. एका मशीनवर टीसीपीचे ० ते ६५५३५ आणि यूडीपीचे तेवढेच वेगळे क्रमांक असतात. ० ते १०२३ हे प्रस्थापित सेवांचे, १०२४ ते ४९१५१ नोंदणी करून घ्यायचे आणि ४९१५२ पासून पुढचे तात्पुरत्या वापराचे. ही नोंद आयाना ही संस्था ठेवते. सुरुवातीची कितीतरी वर्षे जॉन पोस्टेल हे काम बघत. टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायची सोय) तयार केले तेव्हा फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा २१ आणि दूरून लॉगिन करायच्या जुन्या टेलनेटचा २३ यांच्या मधला २२ त्यांनी रीतसर मागून घेतला. पण ही नोंद म्हणजे नुसता संकेत आहे. नोंद नसलेल्या प्रोग्रॅमने तोच क्रमांक घेतला तर त्याला आयाना अडवू शकत नाही. मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅम, लिहिणारा तर कुणाकडे अर्ज करायला जात नाही.

असे तक्ते जन्माला आले ते १९९८ च्या सुमारास. नेटबस १२३४५ वर, बॅक ऑरिफिस ३१३३७ वर आणि थोड्याच काळाने आलेला सबसेव्हन २७३७४ वर. हे प्रोग्रॅम संगणकात शिरून आपला एक पोर्ट उघडायचे आणि ज्याने घुसवले त्याच्या हाकेची वाट बघत बसायचे. त्या काळी आकड्यावरून संशय घेणे रास्त होते. तेव्हाही हे आकडे बदलता येत असत आणि १२३४५ हाच पोर्ट एक नावाजलेला अँटिव्हायरससुद्धा वापरत असे! आकड्यावरून चोर ठरवायचा तर पहारेकरीच पकडला गेला असता.

तक्त्यात यापेक्षा मोठी गल्लत आहे ती ब्लास्टरच्या बाबतीत. १३५ समोर ‘ब्लास्टर’, ४४४४ समोर ‘ब्लास्टर’ आणि ६९ समोरही ‘ब्लास्टर’. ऑगस्ट २००३ मधल्या या वर्मच्या (आपोआप एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कामात या तिन्ही पोर्टची भूमिका वेगवेगळी होती. १३५ हा विंडोजच्या आरपीसी (एका मशीनवरून दुसऱ्यावरचे काम करवून घेण्याच्या) सेवेचा पोर्ट. तिच्यातल्या दोषाचा फायदा घेऊन ब्लास्टर आत शिरे. शिरल्यावर ४४४४ वर तो स्वतः एक कमांड शेल (बाहेरून हुकूम देता येईल अशी खिडकी) उघडे आणि मग हल्ला करणाऱ्या मशीनच्या यूडीपी ६९ वरून, टीएफटीपी या फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने, आपली मूळ फाइल ओढून घेई. म्हणजे एक फोडलेले दार, एक पाडलेले भगदाड आणि एक माल आणायची वाट. यातला १३५ आजही जवळजवळ प्रत्येक विंडोज संगणकावर चालू दिसेल आणि तसा तो दिसायलाच हवा. आपला तक्ता वाचून किती जणांच्या छातीत धस्स झाले असेल!

स्लॅमर आणि वॉनाक्राय या आणखी दोन वर्मची गोष्टही फोडलेल्या दाराची. २५ जानेवारी २००३ रोजी स्लॅमर पसरला तो मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या यूडीपी १४३४ वरून. अवघे ३७६ बाइट. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांना त्याने पछाडलेल्या मशीनची संख्या दुप्पट होत होती. १२ मे २०१७ चा वॉनाक्राय फाइल शेअरिंगच्या ४४५ वरून आला. स्लॅमरची दुरुस्ती सहा महिने आधी, ब्लास्टरची महिनाभर आधी आणि वॉनाक्रायची दोन महिने आधी मिळत होती. ती ज्यांनी बसवली नव्हती त्यांच्या दारातून हे आत आले. या पोर्टसमोर व्हायरसचे नाव छापण्याऐवजी ‘अपडेट केले का?’ एवढे छापले असते तरी चालले असते.

आता दिलासा मिळालेल्यांची गोष्ट. एका छोट्या कार्यालयातल्या गृहस्थांनी तक्त्यातला एकेक पोर्ट तपासला, एकही सापडला नाही आणि ते खुश झाले. दुसऱ्या कामासाठी मी तिथे गेलो होतो. सहज सर्व्हरचा सिक्युरिटी लॉग उघडला तर ४६२५ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागलेली. ४६२५ म्हणजे फसलेले लॉगिन. मिनिटाला कितीतरी प्रयत्न, ‘ॲडमिनिस्ट्रेटर’, ‘ॲडमिन’, ‘टेस्ट’, पुन्हा ‘ॲडमिनिस्ट्रेटर’. घरून काम करता यावे म्हणून कुणीतरी रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ थेट इंटरनेटला उघडून ठेवला होता आणि नंतर विसरून गेले होते. तक्त्यात ३३८९ नव्हता, कारण तो कुठल्याही व्हायरसचा पोर्ट नाही. रॅन्समवेअरच्या (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या) टोळ्या मात्र नेमक्या अशाच दारातून येतात.

उघडा पोर्ट दिसला नाही म्हणून मशीन साफ, असेही समजू नये. २०१६ चा मिराई हा वर्म टेलनेटच्या २३ आणि २३२३ वर कंपनीने घालून दिलेले पासवर्ड चालवून बघत कॅमेऱ्यांत आणि राउटरांत शिरत असे. शिरल्यावर पहिल्यांदा ती टेलनेट सेवाच मारून टाकी, दुसऱ्या कुणी घुसू नये म्हणून. त्या डब्याला बाहेरून टेलनेट लावून पाहणाऱ्याला काहीच सापडले नसते. आजचे बहुतेक मालवेअर तर पोर्ट उघडून बसतच नाही. ते स्वतःहून बाहेर, सुरक्षित वेबसाइटच्या ४४३ वर जोडणी करते आणि बँकेच्या, बातम्यांच्या एन्क्रिप्टेड गर्दीत मिसळून जाते. ४४३ कोण बंद करणार?

माझी विनंती आहे की हा तक्ता दुरुस्त करून पुन्हा छापावा. पोर्टसमोर आधी त्याचा रीतसर धनी कोण ते द्यावे. मालवेअरने तो फोडला की स्वतः उघडला, आणि कोणत्या साली, हेही लिहावे. सोबत तपासण्याची रीत द्यावी. विंडोजवर ‘नेटस्टॅट’ ही कमांड ‘एएनओ’ पर्यायांसह दिली की पोर्टशेजारी प्रोसेस आयडी दिसतो आणि टास्क मॅनेजरच्या ‘डीटेल्स’मध्ये त्या आयडीचा प्रोग्रॅम सापडतो. लिनक्सवर ‘एसएस’ कमांड तेच काम करते. पोर्टच्या आधीचा पत्ता तर जरूर बघायला सांगावा. १२७.०.०.१ असेल तर ती सेवा त्या मशीनपुरतीच ऐकते आहे, ०.०.०.० असेल तर नेटवर्कमधून येणाऱ्या कुणाचेही ऐकायला तयार आहे, आणि मग मध्ये फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी भिंत) आहे की नाही हा प्रश्न येतो. ताईंना त्या रात्री फोनवर हे सांगायला मला वीस मिनिटे लागली. आपल्या पानावर ते पाव रकान्यात बसेल.

आणि नव्या तक्त्यात ३३८९ सर्वांत वर घाला.

कळावे,
आपला,
नेटवर्क देखभालीचे काम करणारा एक वाचक