चष्म्याच्या डबीतली काडेपेटी

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, परवा डॉक्टरांनी विचारलं, "सिगारेट?" तुम्ही म्हणालात, "सोडली." तेव्हा तुमच्या चष्म्याच्या डबीत काडेपेटी होती. मी पाहिली आणि गप्प बसले. फोनवर विषय काढला तर तुम्ही लगेच आईकडे फोन द्याल, म्हणून हे पत्र.

चिडलेली नाही. चाळीस वर्षांची सवय वॉर्डात भरती झाल्याबरोबर कशी सुटेल? पण "आता झालाच कॅन्सर, सोडून काय उपयोग?" असं जे पुटपुटलात, ते मात्र साफ चूक. निदानानंतर सिगारेट सोडली तरी रुग्णाला फायदा होतो, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या) 2014 सालच्या अहवालातच आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. ऑपरेशनची जखम भरायला तोच ऑक्सिजन लागतो, रेडिएशनचा गुण यायलाही. एक-दोन दिवस ओढली नाही, तरी तो वायू बराचसा निघून जातो. शिवाय काही औषधं धुरामुळे शरीरातून लवकर बाहेर पडतात. मग डॉक्टरांनी डोस कशावर ठरवायचा? तुमच्या "सोडली"वर?

म्हणून उद्या राउंडला खरं सांगून टाका. दिवसाला किती, आणि सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने, हे दोन्ही. अर्ध्या तासाच्या आत पेटवत असाल तर निकोटिनचा गम 2 ऐवजी 4 मिलिग्रॅमचा देतात. जोडीला दंडावर निकोटिनची पट्टी. "पुन्हा निकोटिनच?" असं म्हणाल. तलफ निकोटिनची असते बाबा, कॅन्सरचं विष धुरात असतं. गम मात्र रवंथ करत बसायचा नाही. थोडा चावायचा, झिणझिणलं की गालात दाबून ठेवायचा. तोंड सोलवटलं असेल तर तेही सांगा, मग दुसरं काही देतील.

आई, पहिले दोन-तीन दिवस ते खेकसतील, रात्री झोपणार नाहीत. मनावर घेऊ नकोस. "तुमच्याच सिगारेटींनी ही वेळ आणली" हे आता पुरे. ते त्यांना तुझ्याआधी कळलंय. ते ऐकूनच तर ते जिन्यात जातात. तलफेचा जोर काही मिनिटांचा असतो, तेवढ्यात पत्ते पिसून समोर ठेव. आणि खिसे तपासू नकोस.

घरी आल्यावर खरी परीक्षा. सिगारेट सोडायला मदत करणाऱ्या समुपदेशकांचे फोन निदान महिनाभर चालू ठेवू. बाल्कनीतली खुर्ची मी आधीच हलवते.

शनिवारी येते. चष्म्याची डबी उघडणार नाही.

तुमची,
ताई