भर पावसात बंद पडणारी गाडी आणि नाकारलेली वॉरंटी

दिनांक : ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
दुचाकी उत्पादक कंपनी, मुख्य कार्यालय

विषय : १२५ सीसी मोटारसायकलच्या फ्युएल पंपाची वॉरंटी नाकारल्याबाबत आणि तालुक्याच्या ठिकाणी वॉरंटीच्या कामाची सोय नसल्याबाबत.

महोदय,

मी घाटंजी तालुक्यातला कोरडवाहू कास्तकार आहे. पऱ्हाटी (कापूस) आणि तूर ही माझी पिकं. मागच्या दसऱ्याला, १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, मी तालुक्यातल्या तुमच्या सब-डीलरकडून १२५ सीसीची गाडी घेतली. यंदा जुलैपासून ही गाडी पावसात चालता चालता बंद पडते. यवतमाळच्या तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरनं फ्युएल पंप, म्हणजे टाकीतून इंजिनला पेट्रोल पोचवणारा पंप, खराब झाल्याचं सांगितलं, पण वॉरंटीत तो बदलून द्यायला नकार दिला. कारणं दोन दिली : तिसरं फ्री सर्व्हिसिंग मुदतीनंतर झालं, आणि टाकीतल्या पेट्रोलमध्ये पाणी होतं. दोन्ही कारणं चुकीची आहेत.

आधी सर्व्हिसिंगचं. तुमच्या पुस्तिकेत किलोमीटर किंवा दिवस, जे आधी पूर्ण होईल ते, अशी अट आहे. तिसऱ्या सर्व्हिसिंगची मुदत मे महिन्यात संपत होती. मुदत शिल्लक असतानाच मी सकाळी गाडी घेऊन यवतमाळला गेलो. लग्नसराईमुळे गाड्यांची रांग होती. काउंटरवरच्या मुलानं नाव लिहून घेतलं आणि आज होणार नाही, पुढच्या आठवड्यात या, असं सांगितलं. पुढची तारीख त्यांनीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. त्या तारखेला मी हजर राहिलो, काम झालं, पुस्तिकेवर शिक्का बसला. पण मुदत तोवर उलटून गेली होती, आणि तुमच्या संगणकात नोंद राहिली ती फक्त शिक्क्याच्या तारखेची. मी आधी येऊन परत गेलो याची नोंद तिथे नाही. तो मेसेज माझ्याकडे आहे, त्याची प्रत जोडली आहे. उन्हाळ्यात, रणरणत्या उन्हात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून एका सर्व्हिसिंगसाठी दोनदा यवतमाळ गाठणाऱ्या ग्राहकाला तुम्ही उशिरा आला म्हणून सांगता, हे मला फार लागलं.

आता पेट्रोलचं. सर्व्हिस सेंटरनं पेट्रोलचा नमुना घेतला नाही, तपासला नाही, लेखी अहवालही दिला नाही. नुसतं तोंडी सांगितलं. मी नेहमी एकाच पंपावर पेट्रोल भरतो आणि पैसे यूपीआयनं देतो, त्यामुळे सगळ्या नोंदी आहेत. त्या पंपावर जाऊन मी विचारलं, तर त्यांनी टाकी मोजायच्या दांडीला पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट लावून ती दांडी पंपाच्या टाकीत सोडून दाखवली. रंग बदलला नाही. आता देशभरातल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं, म्हणजे ई-२० पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओलावा धरून ठेवतं हे मला मान्य आहे. पण गाडी ई-२० साठी बनवलेली आहे असं तुमच्याच पुस्तिकेत छापलेलं आहे. विदर्भात पावसाळा चार महिने असतो. ई-२० वर चालणारी गाडी पावसाळ्यात ई-२० मुळेच खराब झाली असेल, तर तो दोष गाडीचा ठरतो. ग्राहकानं दुसरं कोणतं पेट्रोल आणायचं होतं?

गाडी बंद पडते म्हणजे आमच्याकडे काय होतं, ते तुमच्या कार्यालयात बसून कळणार नाही, म्हणून लिहितो. आमचं गाव टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला आहे. जुलैच्या अखेरीस बायकोला घेऊन मी पांढरकवड्याहून परत येत होतो. पाऊस सुरू झाला, मीटरवरचा इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि गाडी थांबली. सेल्फ मारला, किक मारली, काही झालं नाही. दिवस मावळत होता, दोन्ही बाजूंना झुडपी जंगल, फोनला रेंज नाही. २०१८ मध्ये राळेगाव-पांढरकवडा भागात वाघिणीच्या धाकानं लोक सांज झाली की घराबाहेर पडत नव्हते, ते दिवस आम्ही काढलेले आहेत. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) तर रोजचेच. आम्ही दोघांनी गाडी ढकलत पुढचं गाव गाठलं. बायको एक शब्द बोलली नाही, पण तेव्हापासून ती पावसाचं लक्षण असलं की गाडीवर बसत नाही. सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डावर (दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर) ‘इंजिन बंद पडते’ एवढेच शब्द आहेत. त्यात हे काहीच आलेलं नाही.

माझ्या वडिलांकडे कार्बोरेटरची जुनी गाडी होती. ती वाटेत बसली की प्लग काढून पुसायचा, कार्बोरेटरचा खालचा स्क्रू ढिला करून कचरा काढायचा आणि किक मारायची. फारच झालं तर गावातला मिस्त्री झाडाखाली बसून तासाभरात चालू करून द्यायचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराच्या प्रदूषणाचा नवा नियम आला आणि या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. मी त्याच्या विरोधात नाही. डिसेंबरच्या थंडीत सकाळी एका सेल्फमध्ये गाडी सुरू होते, धूर कमी, चालायला मऊ. पण टाकीतला पंप थांबला की किकचा काही उपयोग नसतो, आणि बिघाड कुठे आहे हे पाहायला स्कॅनर लागतो. आमच्या मिस्त्रीकडे स्कॅनर नाही. तुमच्या सब-डीलरकडेही नाही! त्याच्या दुकानावर तुमच्या कंपनीचा भला मोठा बोर्ड आहे, गाडी विकताना पेढे आहेत, हार आहे, फोटो आहे. वॉरंटीचं नाव काढलं की यवतमाळला जा.

ही गाडी मी हौसेनं घेतली आहे, आणि तक्रार करतानाही ती मला आवडते हे लपवणार नाही. वावरापर्यंतचा पांदण रस्ता पावसाळ्यात काळ्या मातीचा लगदा होतो, चाक आणि मडगार्डच्या मध्ये चिखल दाबून बसतो, तरी ही गाडी ओढते. फवारणीचा पंप, युरियाची बॅग, वेचणीच्या बायांची शिदोरी, सगळं हिच्यावर जातं. माझ्या मायला बीपीच्या गोळ्यांसाठी ग्रामीण रुग्णालयात न्यायचं तर एसटी सकाळी एकच, आणि काळीपिवळी भरल्याशिवाय हलत नाही. गाडी आल्यापासून माय आपल्या बहिणीच्या गावीसुद्धा जाऊन आली, कित्येक वर्षांनी. मोठ्या मुलीची बारावीची शिकवणी घाटंजीला आहे, ती या गाडीच्या भरवशावरच लावली. संध्याकाळी काम आटोपून रिकाम्या डांबरी रस्त्यावर गाडी चौथ्या गिअरला टाकली की दिवसभराचा शीण उतरतो. हे सुख तुमच्या गाडीनं दिलं, म्हणूनच ती उभी राहिली की घरातली इतकी कामं एकदम अडतात.

ऑगस्टमध्ये नेमकं तेच झालं. गाडी सर्व्हिस सेंटरला पडून होती आणि उघडीप मिळाली होती. बोंडअळीची फवारणी उघडीप पाहूनच करावी लागते. मला शेजाऱ्याची गाडी दिवसाच्या भाड्यानं घ्यावी लागली, वर पेट्रोल माझं. मुलीला काळीपिवळीचे पैसे वेगळे. कर्जाचा हप्ता मात्र ५ तारखेला खात्यातून कापला गेला, गाडी चालो की न चालो. फ्युएल पंपासाठी मला मजुरीसह ४,६०० रुपये सांगितले आहेत. लांब धाग्याच्या कापसाचा यंदाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. म्हणजे अर्ध्या क्विंटलहून जास्त कापूस, तोही हमीभाव मिळाला तर, एका अशा सुट्या भागासाठी जायचा, जो तुमच्या वॉरंटीत बसतो.

विक्रीच्या वेळच्या बिलाबद्दलही थोडक्यात लिहितो. त्यात ‘हॅंडलिंग चार्जेस’ लावले आहेत, ते कशाचे हे कोणी सांगू शकलं नाही. साडी गार्डचे पैसे अ‍ॅक्सेसरी म्हणून घेतले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं साधन गाडीला असलंच पाहिजे. कायद्यानं गाडीसोबत यायलाच हवी ती वस्तू वेगळे पैसे घेऊन कशी विकता? नियम १३८ प्रमाणे गाडीसोबत हेल्मेट द्यायचं असतं, ते मागितल्यावर ‘स्टॉक नाही’ असं उत्तर मिळालं. ते मला अजून मिळालेलं नाही.

२२ सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मी जुन्या दरानं गाडी घेतली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण परवाच्या दसऱ्याला आमच्या भागात कितीतरी घरांसमोर नव्या गाड्यांची पूजा झाली, त्यात तुमच्याही बऱ्याच आहेत. पुढच्या पावसाळ्यात त्यातली एखादी बंद पडली, तर त्या घरालाही यवतमाळच्या फेऱ्याच घालाव्या लागणार आहेत.

म्हणून माझी मागणी अशी. फ्युएल पंप वॉरंटीत, एक पैसाही न घेता बदलून द्यावा आणि त्याआधी गाडी तपासून बिघाडाचा लेखी अहवाल द्यावा. तिसऱ्या सर्व्हिसिंगची नोंद मी पहिल्यांदा आलो त्या तारखेची करावी, नाहीतर पुढे दुसरा कोणताही भाग गेला की हेच कारण पुन्हा माझ्यापुढे ठेवलं जाईल. भाड्याच्या गाडीचा खर्च, हॅंडलिंग चार्जेस आणि साडी गार्डचे पैसे परत करावेत, हेल्मेट द्यावं. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी तुमची सर्व्हिस व्हॅन, स्कॅनर आणि वॉरंटीचा दावा नोंदवू शकेल असा माणूस तालुक्याला पाठवावा. त्या दिवशी आजूबाजूच्या सगळ्या गावांतले लोक तसेही तालुक्याला येतात. विक्रीचा मेळावा तुम्ही त्याच दिवशी, त्याच मैदानाजवळ भरवता, तेव्हा ही जागा तुम्हाला माहीत आहे.

सर्व्हिस सेंटर आणि कंपनीच्या हेल्पलाइनवर तोंडी सांगून झालं, म्हणून आता लेखी देत आहे. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं. ते न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात दावा करता येतो, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आणि वस्तूतला दोष प्रयोगशाळेतून तपासून घेण्याची तरतूदही त्यात आहे. जुना पंप मी ताब्यात मागून घेईन, तो सर्व्हिस सेंटरनं परस्पर टाकून देऊ नये.

दिवाळीनंतर वेचणी जोरात सुरू होईल, त्याआधी गाडी दुरुस्त होऊन मिळावी ही विनंती.

आपला ग्राहक,
एक कापूस उत्पादक शेतकरी,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ
(नाव, पत्ता, गाडीचा व चेसिसचा क्रमांक सोबतच्या आरसीवर आहे.)

सोबत आरसी, खरेदीचं बिल, सर्व्हिस पुस्तिकेची पानं, सर्व्हिस सेंटरचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, जॉबकार्ड, पंपाच्या खर्चाचा अंदाज आणि पेट्रोलच्या यूपीआय नोंदी यांच्या प्रती जोडल्या आहेत.